आधी माल ठरवा, मग रूळ टाका

(चिकलठाणा परिसरातल्या बचत गटांसाठी दिलेलं रेडिओ भाषण)



शाळेच्या प्रदर्शनात किंवा महिला मेळाव्यात ठेवायला छोटी रेल्वे करू या, असं कुणी म्हटलं की लगेच प्रश्न येतो, इंजिन कुठून आणायचं? माझं सांगणं असं की इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी हे ठरवा की आपल्या गाडीत माल कोणता आहे, तो कुणी पिकवला, कुणी उचलला आणि तो कुठे उतरणार. हे ठरलं की रूळ कुठे टाकायचे ते आपोआप कळतं.

आपल्या चिकलठाण्यावरून जाणारी लाईन मनमाडहून थेट हैदराबादकडे जाते. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास ती मीटरगेज म्हणून सुरू झाली आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. पण ही पुढे पुढे जाणारी लाईन आहे. लहान फळीवर ती दाखवायची तर गाडी नुसती गोल फिरत राहते. मुलं पाच मिनिटं बघतात आणि कंटाळतात. छोट्या जागेला शाखेची लाईन बरी पडते, कारण तिला शेवट असतो. तिथे गाडी थांबते, माल उतरतो, दुसरा चढतो आणि इंजिनाला परत फिरावं लागतं. बघण्यासारखं सगळं तिथेच घडतं.

अशी लाईन शोधायला लांब जायला नको. तुमच्यातल्या ज्यांचं माहेर लातूर, धाराशिव किंवा सोलापूरकडचं असेल, त्यांना ‘बार्शी लाईट’ हे नाव ठाऊक असेल. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली होती. कापसाच्या व्यापाराचं गाव आणि रेल्वे २१ मैल लांब! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तिथे छोटी लाईन टाकली. मार्च १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडलं गेलं. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं आणि छोटी गाडी संपली.

कॅलथ्रॉपची युक्ती समजण्यासारखी आहे. रूळ हलका असला तर लाईन स्वस्त पडते, पण हलक्या रुळाला जड गाडी सोसत नाही. म्हणून त्याने ठरवलं की कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. जड ओझं एकीच्या डोक्यावर न देता चौघींत वाटून घ्यावं, तसंच हे. भार सारखा वाटला आणि हलक्या रुळावरून कापूस वाहिला.

आता मापाकडे येऊ. या लाईनच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट होतं. आपण सुताराचं माप घेऊ: एका फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. मग अडीच फुटांचे झाले पाच सूत. बाजारात मिळणाऱ्या साडेसोळा मिलिमीटरच्या खेळण्यातल्या रुळाशी हे माप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फरकाने जुळतं. बार्शी लाईटची वाघीण २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद होती. आपल्या मापात ती सव्वासहा इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद होईल. पाच फूट उंचीची बाई सव्वा इंचाची. कापसाची गासडी इंचाहून थोडी कमी लांब आणि अर्धा इंच रुंद.

याच मापाने कुर्डुवाडी ते बार्शी अंतर दाखवायचं तर २,३१० फूट जागा लागेल! म्हणून अंतर सोडा आणि दोन टोकं घ्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद अशा प्लायच्या दोन फळ्या करा. खाली लाकडी पट्ट्या मारा, म्हणजे पावसाळ्यात फळी वाकणार नाही. एवढी फळी दारातून निघते आणि रिक्षातही बसते.

पहिली फळी कुर्डुवाडीची. इथे मोठ्या आणि छोट्या लाईनची भेट होती. रुंदी वेगळी असल्यामुळे इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नसे. प्रत्येक पोतं, प्रत्येक गासडी हमालांनी एका गाडीतून काढून दुसरीत भरायची. म्हणून एका बाजूला मोठ्या लाईनचे रूळ दाखवा, दुसऱ्या बाजूला छोट्या लाईनचे आणि मधे फलाट. मोठ्या लाईनचे रूळ साडेपाच फुटांचे, म्हणजे आपल्या मापात अकरा सूत. ते पुठ्ठ्याचे केले तरी चालतील, कारण तिथे आपली गाडी पळवायची नाही.

दुसरी फळी बार्शीची. ४८ इंचांचा हिशेब असा. कुर्डुवाडीकडून येताना पहिला सांधा, त्यातून मालधक्क्याचं सायडिंग फुटतं: ९ इंच. मग लूप लाईन: ९ इंचांचा सांधा, दोन वाघिणी उभ्या राहतील इतकी १३ इंच जागा आणि पुन्हा ९ इंचांचा सांधा, मिळून ३१. उरले ८ इंच. तेवढ्यात इंजिन मावलं पाहिजे, म्हणून ते ७ इंचांहून लांब नको.

हे ८ इंच कशाला? गाडी आली तेव्हा इंजिन पुढे आहे. तसंच सायडिंगमध्ये घुसलं तर तेच आत अडकेल. म्हणून गाडी लूपजवळ थांबवायची आणि इंजिन सोडवायचं. ते पुढच्या ८ इंचांत जाईल, लूपवरून मागे येईल आणि वाघिणींना मागून जोडलं जाईल. मग ते वाघिणी ओढून पहिल्या सांध्याच्या अलीकडे आणेल आणि तिथून धक्क्यावर ढकलेल. रेल्वेवाले याला शंटिंग म्हणतात. मुलांच्या हाती दिलंत तर तासभर जागची हलणार नाहीत.

काही विकत घेण्याआधी हे सगळं कागदावर खेळून बघा. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवा, पूर्ण मापात रेघा मारा, पुठ्ठ्याच्या दोन वाघिणी आणि एक इंजिन करा आणि हाताने सरकवा. कुठे अडलं तर खोडरबराने काम भागतं. इथेच थांबलात आणि रेघांवरच गाडी चालवलीत तरी ते प्रदर्शनात शोभेल. गटाचा पैसा रुळांवर खर्च करायचा की नाही, हे बैठकीत नंतर ठरवा.

आता मालाची कार्डं. जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करा. एका बाजूला लिहा, ‘कापूस, बार्शीहून कुर्डुवाडी’. मागे लिहा, ‘मीठ, रॉकेल, कापड, कुर्डुवाडीहून बार्शी’. फेरी झाली की कार्ड उलटायचं. एखाद्या कार्डावर ‘रिकामी’ लिहायला विसरू नका. हंगामात सगळा माल एकाच दिशेला जातो आणि डबे रिकामे परत आणावे लागतात. त्या रिकाम्या फेरीचाही खर्च असतो. आपल्या भाजीच्या टेम्पोचं गणित याहून निराळं नाही.

आणि माणसं दाखवायला विसरू नका. रेल्वेच्या नमुन्यात बहुतेकदा ड्रायव्हर असतो, स्टेशनमास्तर असतो, पण कापूस वेचणारी बाई नसते. आपल्या फळीवर धक्क्यामागे शेताची एक पट्टी ठेवा. सव्वा इंचाच्या बायका कमरेला ओटी बांधून वेचताना दाखवा. त्याशिवाय वाघिणीत कापूस आला कुठून, हे मुलांना कळणार नाही. गोधडीतला कापूस आणि शिवणकामाच्या चिंध्या यांतून हे सगळं होतं.

माल गेला की लाईन जाते, हेही लक्षात ठेवा. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाईन बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि दूध हा तिचा मोठा माल होता. दूध लॉरीने जाऊ लागलं आणि १९३४ मध्ये लाईन बंद पडली.

आपल्याकडे मात्र त्याच वाटेने वेगळा माल गेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत पाण्याची रेल्वे लातूरला आली. म्हणजे जुन्या बार्शी लाईटचाच मार्ग, आता ब्रॉडगेज झालेला. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. पंधरा लिटरच्या घागरीने मोजलं तर एका टाकीत तीन हजारांहून जास्त घागरी भरतात. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. ही मोठ्या लाईनची गाडी आपल्या छोट्या रुळावर ठेवू नका, काळाची गल्लत होईल. फळीच्या मागच्या पाटीवर तिचं चित्र काढा आणि हा हिशेब लिहा.

गटाची सहल निघणार असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, सांधे आणि दिवे एकाच वेळी कसे चालतात ते तिथे बघायला मिळतं.

त्याआधी एक काम इथल्या इथे करता येईल. पुढच्या बैठकीला एक वही घेऊन या. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांना विचारा की आपल्या गावातून कोणता माल बाहेर जायचा, बैलगाडीने कुठवर, रेल्वेने कुठून आणि हमाली कोण करायचं. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुस्तकात हे सापडत नाही आणि सांगणाऱ्या दरवर्षी कमी होत आहेत. त्या वहीतून जो माल निघेल, तोच आपल्या पहिल्या कार्डावर लिहा.