जुन्या पिकअपमधील इंजिनाचा दिवा व इंधनव्यवस्थेतील दोष

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो, ओतूर व आळेफाटा येथे कांदा आणि मंचर येथे तरकारी पोहोचविण्यासाठी जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अनेक शेतकरी जुनी डिझेल पिकअप विकत घेतात. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की काहीजण त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काहीजण लगोलग पंप व इंजेक्टर बदलून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात तोडलेला माल वाटेत अडकतो. दुसऱ्या प्रकारात हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते आणि दिवा पुष्कळदा तसाच राहतो.

हा दिवा कोणता भाग बिघडला हे सांगत नाही. इंधनाचा दाब, हवा व धूर यांचे मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, एवढेच तो दर्शवितो. दोष गंभीर वाटल्यास इंजिनाचे नियंत्रक यंत्र स्वतःच ताकद कमी करते व गाडी चढणीला ओढत नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरला असा दिवा नसतो. त्यामुळे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात वाकबगार असलेला मेस्त्रीही येथे फसतो.

गाडी घेतानाच परीक्षा करावी. इंजिन सुरू न करता किल्ली फिरविली असता दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागत नसेल, तर तो मुद्दाम बंद केल्याचा संशय घ्यावा. सुकाणूखालच्या जोडणीस स्कॅनर लावून दोषाचे कोड पाहावेत. कोड नुकतेच पुसले असतील, तर गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपूर्ण दिसतात. असे आढळल्यास गाडी माल भरून बरेच अंतर चालवावी व पुन्हा स्कॅनर लावावा.

सर्वात अधिक उपद्रव पाण्याचा होतो. अर्ध्या रिकाम्या पिंपात दमट हवेतील बाष्प थिजून डिझेलमध्ये उतरते, आणि आपटाळ्याकडील किंवा भीमाशंकरच्या पायथ्याच्या पावसाळ्यात तर हे सहज घडते. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते. तेथे जीवाणूंचा चिकट गाळ तयार होऊन फिल्टर तुंबतो. आधुनिक डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्याही पुढे जातो व पंपाच्या भागांना डिझेलचेच वंगण मिळते. पाणी किंवा रॉकेल मिसळले, की ते वंगण नाहीसे होऊन पंप झिजतो. म्हणून इंजिन बंद व थंड असताना फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी भांड्यात काढावे. नंतर स्क्रू घट्ट करून, हातपंप असल्यास तो दाबून, आत शिरलेली हवा काढावी.

स्कॅनरवर ‘पी ००८७’ हा कोड दिसल्यास इंधननळीतील दाब कमी पडला असा त्याचा अर्थ होतो. पंप खराब झाल्याने दाब कमी पडतो. पण तुंबलेला फिल्टर, टाकीकडील तडकलेली नळी किंवा गळका इंजेक्टर यांनीही तोच कोड येतो. आधी स्वस्त भाग, म्हणजे फिल्टर व नळ्या, पाहाव्यात.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणीही असते. शेत ते बाजार अशा लहान फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही, काजळी जळत नाही आणि दिवा लागतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालविल्यास ती पुष्कळदा स्वच्छ होते. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो बेकायदेशीर आहे.

एक गोष्ट मात्र गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक मेस्त्रीच्या कानावर घालावी. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन चालू ठेवून इंजेक्टरची नट सैल करण्याची जी रीत आहे, ती या गाड्यांवर कदापि वापरू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात शिरविते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व प्रारंभी दुखतही नाही, तरी बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा माणसास मलमपट्टी करून घरी न पाठविता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.