बोटीचं ‘रनिंग’ किती?

सेकंड-हँड बाइक बघायला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रनिंग किती झालंय?’ आकडा कमी असला की मान डोलते, जास्त असला की तोंड वाकडं होतं. मालवणच्या माझ्या आतेभावाने आणि त्याच्या कॉलेजमधल्या मित्राने जुनी बोट घ्यायची ठरवली, तेव्हा त्यांनीही हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘फक्त १८० तास!’

तास? हो. बोटीचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. समुद्रात बोट एकाच जागी उभी राहूनही इंजिन चालू असतं, कधी लाटेविरुद्ध रडतखडत जाते, कधी प्रवाहाबरोबर सुसाट सुटते. त्यामुळे अंतराला फारसा अर्थच नाही. इंजिन किती तास फिरलं, हे ‘अवर मीटर’ सांगतो.

दोघांनी लगेच डोकं चालवलं. तासाला ६० किलोमीटर धरले तर १८० तास म्हणजे १०,८०० किलोमीटर. बाइकच्या हिशेबात नवीकोरीच की! मालकाचं म्हणणंही पटण्यासारखं होतं. तीन वर्षांची बोट, ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, वापर फक्त रविवारी घरच्यांना फिरवायला. पावसाळा सोडून वर्षाचे आठ महिने, महिन्याचे चार रविवार, दर रविवारी दोन तास. तीन वर्षांचे होतात १९२. मीटरशी जवळपास जुळलं. किंमत चार लाख. त्यातले दीड लाख आत्याच्या पाटल्या गहाण ठेवून उभे राहिले होते. ही बोट फसली असती तर नुसती बोट फसली नसती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

टोकन द्यायच्या आदल्या दिवशी आत्याच म्हणाली, ‘मेस्त्रीकाकांना एकदा दाखवा आणि मग काय ते करा.’

मेस्त्रीकाकांनी आयुष्य आउटबोर्ड इंजिनं खोलण्यात घालवलंय. त्यांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी इंजिनवर हात ठेवला. गार आहे ना? कारण बघायला येणाऱ्यांच्या आधी इंजिन तापवून ठेवलं, की गार असताना सुरू व्हायला देत असलेला त्रास लपतो. मग त्यांनी खालच्या गिअरकेसचा स्क्रू थोडा सैल केला. तेलाचे चार थेंब बोटावर आले. काळपट किंवा मधासारखं दिसायला हवं होतं, ते दुधाळ निघालं. म्हणजे सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय.

नंतर त्यांनी स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडरपैकी दोघांचं जवळपास सारखं, तिसऱ्याचं जवळजवळ पाव हिस्सा कमी. सिलिंडरांमधला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा.

आतेभाऊ भडकलाच, ‘म्हणजे मीटर फिरवलंय!’ तेही तपासून झालं. आजकालच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या इंजिनांच्या आत छोटा कॉम्प्युटर असतो. सर्व्हिसवाले लॅपटॉप जोडून एकूण तास आणि कोणत्या वेगाला किती तास चाललं, हेसुद्धा वाचू शकतात. तिथेही आकडा तोच आला. मालक खोटं बोलत नव्हता.

मग गडबड कुठे होती? काका म्हणाले, ‘रे झिला, मीटर सांगता इंजिन किती चालला. कसा ऱ्हवला, ता सांगणा नाय.’

खारं पाणी हीच इंजिन थंड ठेवण्याची सोय असते आणि तेच त्याचं दुखणंही. समुद्रातून परत आल्यावर इंजिनमधून गोडं पाणी फिरवलं नाही, तर आत मीठ साचतं, धातू खाल्ला जातो. दोन पावसाळे ही बोट ताडपत्रीखाली तशीच पडून होती. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं, त्यातल्या इथेनॉलने हवेतला ओलावा ओढला. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी इम्पेलर कडक झालं. इंजिन चाललं कमी, कुजलं जास्त.

शिवाय बाइकशी केलेली तुलनाच मुळात चुकीची होती. बाइकला उतार मिळतो, सिग्नल मिळतो, टॉप गिअरला इंजिन निवांत फिरतं. बोटीच्या नशिबी उतार नाही. पाणी सतत अडवतं, म्हणजे सगळा प्रवास घाट चढल्यासारखाच.

दोन आठवड्यांनी दुसरी बोट मिळाली. चार वर्षांची, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी. मीटर ९०० तास! पूर्वी या आकड्याला दोघे दारातूनच परत फिरले असते. पण मालकाने एक वही पुढे केली. दर १०० तासांना सर्व्हिसची नोंद. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, मध्ये दोनदा इम्पेलर. लॅपटॉपवरचे तास वहीशी जुळले, तीनही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, गिअरचं तेल स्वच्छ. रोज चालणारं, रोज धुतलं जाणारं इंजिन होतं ते. काकांनी मान डोलावली. व्यवहार साडेतीन लाखांत झाला.

तुम्हीही कधी अशा खरेदीला गेलात, तर एवढं लक्षात ठेवा:

• तासांना वर्षांनी भागा. वापर सांगितला त्याच्याशी आकडा जुळतो का बघा. फारच कमी असेल तर ‘बोट पडून का होती?’ हा प्रश्न विचारा.

• काही मीटर नुसती चावी फिरवली तरी पुढे सरकतात, काही बदललेले असतात, आणि जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना बऱ्याचदा मीटरच नसतं. थ्रॉटलची झिजलेली मूठ, पंख्याच्या पात्यांवरचे घाव, नटांवरच्या पान्याच्या खुणा यांच्याकडेही बघा.

• इंजिन सुरू झाल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची सलग धार पडायला हवी. धार बारीक असेल तर थंडावा नीट पोचत नाही.

• किनाऱ्यावर पाहून ठरवू नका. पाण्यात न्या, पूर्ण थ्रॉटल द्या, धूर आणि आवाज बघा.

• नोंदणीचे कागद आणि सर्व्हेचं प्रमाणपत्र नीट वाचा. पर्यटक बसवायचे असतील तर परवानगी वेगळी लागते.

आतेभावाने बोटीत पहिल्या दिवशी काय ठेवलं असेल? लाइफ जॅकेट तर होतीच, पण त्यासोबत एक कोरी वही. पहिल्या पानावर तारीख आणि ‘९०० तास’. खाली आत्याच्या अक्षरात अजून एक ओळ आहे, ‘पाटल्या सोडवायच्या बाकी’. तो हिशेबही त्याच वहीत चाललाय.