‘फायनल’ : एका शब्दाचा अर्थविचार

‘फायनल’ हा इंग्रजी शब्द आता मराठीच्या अंगवळणी पडला आहे. एके काळी मराठी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. आज विद्यार्थी ‘फायनल इयर’ला असतो, सोयरीकही ‘फायनल’ होते.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘फिनिस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ सीमा किंवा शेवट. ‘फिनिश’ व ‘डिफाइन’ हेही त्याच कुळातले. ‘लास्ट’ आणि ‘फायनल’ यांतील भेद आम्ही विद्यार्थ्यांना असा सांगतो : ‘लास्ट’ क्रम दाखवतो, ‘फायनल’ निर्णय दाखवतो. ‘लास्ट वीक’ म्हणजे गेला आठवडा. त्यानंतरही आठवडे येतातच. ‘फायनल’ म्हटले की पुढे फेरबदल संभवत नाही. संविधानाच्या कलम १०३ मध्ये खासदाराच्या अपात्रतेविषयीच्या राष्ट्रपतींच्या निर्णयाला हेच विशेषण लावले आहे.

‘फायनॅलिटी’ हे त्याचे भाववाचक नाम. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी ते ‘इन्फॅलिबिलिटी’, म्हणजे प्रमादातीतता, या शब्दाला जोडून वापरले. सभेने संविधानावर अंतिमतेचा व प्रमादातीततेचा शिक्का मारलेला नाही, दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखातही त्यांनी हेच सूत्र मांडले : तथागतांनी आपल्या वचनांना प्रमादातीत मानले नाही, कालबाह्य ठरेल ते सोडण्याची मुभा अनुयायांना दिली. त्याच वर्षी आपल्या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. भिक्खू नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव पुढे त्याला मिळाले आणि तो परिसर नागसेनवन झाला.

हा अर्थविचार पालकांसमोर ठेवण्यास कारण आहे. दहावीत एखाद्या विषयात मूल मागे राहिले, की ‘आता शाळा बंद, हे फायनल’ असे काही घरांत ठरते; मुलींच्या बाबतीत तर फार लवकर ठरते. मंडळसुद्धा त्या निकालाला अखेरचा मानत नाही. काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा घेते. पालकांनी असा निर्णय करण्यापूर्वी मुलाला वा मुलीला घेऊन एकदा शाळेत यावे, ही आमची नम्र विनंती. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या वस्तीतील अशी मुले आमच्यापर्यंत पोहोचवावीत.