आधी ऐका, मग खोला

बाजारात मडके घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. नीट भाजलेले मडके टणटणीत वाजते, चीर गेलेले भदभदते. चांदीचा रुपया चालत होता त्या काळी पेढीवरचा मुनीम तो दगडावर आपटून, नुसत्या कानाने खरे-खोटे करीत असे. त्या नादाची आठवण 'खणखणीत नाणे' या शब्दांत अजून शिल्लक आहे. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची पद्धत मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवीत आणि पिंपात दारू किती उरली आहे हे पिंपावर टिचक्या मारून ताडीत, असे सांगतात. पुढे १८१६ मध्ये फ्रान्सच्या लाएनेकने स्टेथोस्कोप बनवला. आतली गोष्ट न उघडता बाहेरून ओळखायची, ही विद्या अशी गाडग्या-मडक्यांपासून इस्पितळापर्यंत एकच आहे.

आणि तरीही पन्नास रुपयांचे मडके वाजवून घेणारा माणूस काही लाखांची गाडी गॅरेजवाल्याच्या हाती देताना फक्त एवढेच म्हणतो, "काहीतरी आवाज येतोय, बघा जरा." त्या 'काहीतरी'ची किंमत मग बिलात दिसते.

ही किंमत मी जवळून पाहिली ती जव्हारला. नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त माझा तिथे मुक्काम होता. जव्हार आणि मोखाडा हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. रेल्वे तेव्हा तिथे नव्हती आणि आजही नाही. त्र्यंबककडून यायचे तर तोरंगणचा घाट, विक्रमगडकडे उतरायचे तर जव्हारचा घाट, आणि खोडाळ्याहून कसाऱ्याच्या गाडीला माणसे सोडायची तर तीही वळणावळणांचीच वाट. एस.टी. जिथे पोचत नसे, तिथे जीप पोचे. बाजाराला जाणारी नागली-वरई, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघालेली कुटुंबे, अडलेली बाळंतीण, सारे त्याच जीपमधून. पाड्यावरून जव्हारच्या सरकारी रुग्णालयात आणि तिथे भागले नाही तर थेट नाशिकला, हा प्रवास ज्यांनी रात्री केला आहे त्यांना गाडी 'उभी असणे' म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

या जीपा बहुधा बँकेच्या कर्जावर घेतलेल्या असत. आरसी बुकावर बँकेचा बोजा आणि दरमहा हप्ता. हप्ता थकला की आम्ही विचारायचो आणि उत्तर ठरलेले असे: "साहेब, इंजिनकाम काढलंय." इंजिन खोलले की मार दुहेरी बसतो. बिल तर येतेच, शिवाय गाडी उभी राहते आणि उभ्या गाडीला भाडे नाही. ३१ मार्च २००४ पासून तर नव्वद दिवस थकलेले कर्ज अनुत्पादित ठरवण्याचा नियम आला. तीन महिने म्हणजे मोखाड्यात नुसता पावसाळा. इंजिनातला आवाज आणि खात्यातली थकबाकी यांचे नाते मला तिथे कळले.

एका जीपवाल्याचे उदाहरण सांगतो. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजात त्याच्या गाडीचा आवाज अर्धा मिनिट ऐकून निकाल देण्यात आला: कनेक्टिंग रॉडचे बेरिंग गेले, इंजिन उतरवावे लागेल, १८ हजार. तो वाढीव कर्जाची विचारणा करायला आला होता. दोन दिवसांनी तोच हसत हसत सांगायला आला की काम झाले. मोखाड्याच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका वयस्क मिस्त्रीने पान्याला हात न लावता त्याला आधी विचारले होते, "भाऊ, सकाळी थंड असताना जास्त वाजते, का घाट चढून तापल्यावर?" सकाळी जास्त वाजत होते. तापल्यावर आवाज जवळजवळ मरत होता. मिस्त्रीने मॅनिफोल्डच्या जोडावर बोट फिरवले तर काजळी लागली. पॅकिंग फुटले होते आणि तिथून धूर 'टक टक' करीत निसटत होता. धातू तापून फुगला की फट मिटायची, म्हणून आवाज कमी व्हायचा. रॉडचे बेरिंग याच्या उलट वागते. इंजिन तापले की ऑईल पातळ होते आणि ठोका वाढतो. एका प्रश्नाने इंजिन उतरवणे टळले.

तेव्हा गॅरेजची पायरी चढण्याआधी गाडीवाल्याने स्वतःच काही प्रश्नांची उत्तरे काढून ठेवावीत. पहिला प्रश्न, आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या? सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, हॅण्डब्रेक ओढून, एक्सलरेटर हळूहळू दाबावा. उभ्या गाडीतही आवाज वाढत असेल तर तो इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या पट्टा-पंपाचा. गाडी चालतानाच येत असेल तर चाकाचे बेरिंग, टायर, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस यांच्याकडे पाहावे. ही परीक्षा घाटात, उतारावर न्यूट्रल करून मात्र कधीही करू नये. डिझेल वाचवण्यासाठी तसे करणारे चालक मी पाहिले आहेत. इंजिनाची रोख सुटली की सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक दगा देतो.

दुसरा प्रश्न क्लचचा. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय क्लच बेरिंगवर. दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेरिंगवर. तिसरा प्रश्न नादाचा. हलकी, एकसारखी टिकटिक बहुधा टॅपेटची असते, आणि पुष्कळ गाड्यांत फीलर गेज लावून ती तासाभरात जागेवर येते. सुरू करताना किंवा एसी लावताना किंचाळी फुटली तर पट्टा ढिला किंवा जुना. पत्र्याचा झणझणाट म्हणजे सायलेन्सरवरचे कवच किंवा खालचा पत्रा सुटलेला. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे फार होते आणि त्याला पाना आणि एक बोल्ट पुरतो. चढावर वरच्या गिअरमध्ये पेट्रोलचे इंजिन खडखडले तर आधी गिअर उतरवून पाहावा. इंजिनावर नाहक ओझे टाकले म्हणूनही ते ओरडते. उभ्या गाडीत सारा सांगाडा थरथरत असेल तर इंजिन फाउंडेशनची रबरे तपासावीत.

खोल, जड, भार पडताच वाढणारा ठोका मात्र गंभीर असतो. त्यासोबत ऑईलचा लाल दिवा लागला तर आहे तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि दोरी लावून न्यावी. "गावापर्यंत नेऊ" म्हणून काढलेले चार किलोमीटर दुरुस्त होणारे इंजिन भंगारात घालू शकतात. जुन्या डिझेल इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा नट ढिला करून कुठल्या सिलिंडरचा ठोका थांबतो ते पाहत. आजच्या कॉमन रेल इंजिनात ते कोणीही करू नये. तिथे डिझेल इतक्या प्रचंड दाबाने खेळते की निसटलेली धार कातडीत शिरते.

आता गाड्यांत संगणक आले आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्यावर तर स्क्रीन लावल्याशिवाय गॅरेजात बोलणेच सुरू होत नाही. हे यंत्र उपयोगी आहे. कुठला सिलिंडर पेट घेत नाही, कुठला सेन्सर रुसला आहे, ते लगेच कळते. पण सुटलेला पत्रा, फुटलेले रबर, घरघरणारे बेरिंग यांना सेन्सर नसतो. स्क्रीनवर काही दिसत नाही म्हणून अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जायचे, आणि प्रत्येक भागाचे पैसे गिऱ्हाइकाने मोजायचे, असा प्रकार त्यामुळेच होतो. आवाज काढण्यासाठी पान्याचे टोक गाडीला आणि मूठ कानाला लावून ऐकणारा मिस्त्री अजूनही हवाच.

त्याची मजुरी मात्र आपण द्यायला शिकले पाहिजे. गिऱ्हाईक सुटलेल्या भागाचे पैसे देते, पण दोष शोधण्याचे द्यायचे म्हटले की "बघितलं तर काय झालं?" म्हणते. मग मिस्त्रीला पोट भरण्यासाठी भाग बदलणेच भाग पडते. "तपासणीचे किती ते सांगा, दुरुस्तीचे नंतर बोलू," असे आधीच म्हणावे. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, मोठे काम असेल तर दुसऱ्याला दाखवावे, काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. दुरुस्ती ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ चा होता तेव्हाही आणि २०१९ चा नवा आल्यावरही, तिला लागू आहे.

गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, आवाज कधी आला, थंडीत की तापल्यावर, चढावर की उतारावर, एवढ्या नोंदी पुरेत. मोबाइलवर आवाज टिपून ठेवला तर आणखी बरे, कारण गॅरेजात पोचताच आवाज गप्प बसण्याचा अनुभव सर्वांना आहे. एवढे हाती असले म्हणजे मोखाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये असो की शहरातल्या काचेच्या शोरूममध्ये, बोलण्याला सुरुवात 'काहीतरी'पासून होत नाही.