गोधडी, वीत आणि व्हिडिओ कॉल

भाचीची नोकरीची मुलाखत अकरा वाजता होती आणि साडेनऊपासून घरात एकच चर्चा चालू होती: तिच्या पाठीमागे काय दिसायला हवं? नव्या फ्लॅटचा ताबा मिळून महिनाही झाला नव्हता. हॉलमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या आणि देव्हारा. बाकी चकचकीत फरशी आणि मोकळ्या भिंती. ताईला मागे पुस्तकांचं कपाट हवं होतं, पण ते अजून सुताराकडेच होतं. भावोजी दिव्याखालची खुर्ची इंचाइंचानं सरकवत होते. मी आतल्या खोलीत जाऊन भाचीला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, कशी दिसतेय?"

"दिसतेयस छान. पण विहिरीतून बोलतेयस."

मग आम्ही तिला टेबलासकट आत हलवलं. तिथे पलंगावर जाड गाद्या होत्या. खिडकीवर आजीची गोधडी टांगली आणि लॅपटॉपला तारेचा जुना इअरफोन जोडला. आता मागे दिसत होता गादीचा कोपरा आणि अर्धवट उघडलेलं खोकं. ताईला हे मुळीच पटलं नाही.

तिचंही बरोबर होतं म्हणा. कॉलवर आपला चेहरा आपल्याला कोपऱ्यात सतत दिसत राहतो, म्हणून आपण त्याचीच काळजी करतो. आपला आवाज पलीकडे कसा पोचतोय, ते मात्र आपल्याला कधीच ऐकू येत नाही. आणि ऐकणारा सभ्यपणामुळे सांगत नाही.

सांगत नाही, पण मनात नोंद करतो. येल विद्यापीठातल्या ब्रायन शोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोलणं तेच, शब्द तेच. फक्त काहींना ते स्वच्छ ऐकवलं आणि काहींना हलक्या माइकमधून यावं तसं, पत्र्याच्या डब्यातल्यासारखं. शब्द न् शब्द दोन्हीकडे समजत होता. तरीही डबा-आवाजाचा माणूस ऐकणाऱ्यांना कमी हुशार, कमी विश्वासार्ह आणि नोकरीला कमी लायक वाटला. त्याआधी २०१८ मध्ये एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी शास्त्रज्ञांच्या भाषणांवर असाच प्रयोग केला होता. ध्वनिमुद्रण खराब केलं की शास्त्रज्ञ तर सुमार वाटलाच, त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं वाटलं. हा अन्याय आहे, पण तो करताना आपल्याला पत्ताही लागत नाही.

हा डबा येतो कुठून? बराचसा खोलीतून. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं फॉग कला संग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे कुणाचंच बोलणं कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर वक्ता पुढच्या वाक्यात पोचलेला असायचा. वॉलेस सेबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हे दुखणं सोपवण्यात आलं. त्याची साधनं म्हणजे ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांवरच्या उशा तो रात्री आणायचा, खोलीत थोड्या थोड्या मांडत आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत उशा परत नेऊन ठेवायचा. या रात्रींमधून निघालेलं सूत्र आजही सभागृह बांधताना वापरतात. खोली जेवढी मोठी तेवढं घुमणं जास्त. आवाज शोषणारे पृष्ठभाग जेवढे जास्त तेवढं ते कमी.

भाचीच्या नव्या घराला हे सूत्र लावून पाहू. दहा फूट बाय बारा फूट खोली, उंची दहा फूट. गिलावा आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, बाकीचा परतवतात. ढोबळ हिशेबानं रिकाम्या खोलीत आवाज विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. ('विरणं' म्हणजे त्याची ऊर्जा दहा लाखांश होणं.) त्याच आकाराच्या खोलीत पलंगभर गादी, पडदा आणि गोधडी आली की हा काळ सेकंदाच्याही आत येतो.

पण मला यापेक्षा गमतीचा वाटतो तो वितीचा हिशेब. तोंडापासून दूर जावं तसा थेट आवाज झपाट्यानं क्षीण होतो. अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाई होते. भिंतींवरून आपटून येणारा आवाज मात्र खोलीभर साधारण सारखाच असतो. त्यामुळे एका ठरावीक अंतरावर दोन्ही समसमान होतात. आपल्या रिकाम्या खोलीत हे अंतर किती? सुमारे वीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. लॅपटॉपचा माइक तीन विती लांब असतो. तिथे भिंतींचा आवाज थेट आवाजाच्या नऊपट होतो. मुलाखत घेणारा खरं तर भिंतींची मुलाखत घेत असतो! गादी-गोधडीच्या खोलीत समसमान अंतर दीड वितीच्या पुढे सरकतं आणि नवाचे तीन होतात. त्यात इअरफोनच्या तारेवरचा माइक हनुवटीपासून वीतभर लोंबत असेल तर पारडं फिरतं: थेट आवाज भिंतींच्या तिप्पट. एका जुन्या गोधडीनं आणि जुन्या तारेनं मिळून सत्तावीसपट फरक पाडला.

समोरासमोर बसलो तर हीच खोली इतकी त्रास देत नाही, कारण आपल्याला कान दोन आहेत. दोन्ही कानांतला किंचित फरक पकडून मेंदू घुमणं बाजूला सारतो. खात्री करायची असेल तर रिकाम्या खोलीत कुणाला तरी बोलायला सांगा आणि एक कान बोटानं बंद करा. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटेल. लॅपटॉपमध्ये माइक दोन असले, तरी बहुतेक वेळा पलीकडे पोचतो तो एकच एकत्र केलेला आवाज. म्हणजे समोरचा माणूस तुम्हाला एका कानानंच ऐकतो.

बिनतारी इअरबड्सबद्दल लोक माझ्याशी भांडतात. गाणी ऐकायला ते उत्तमच आहेत. पण नेहमीच्या ब्लूटूथवर त्यांचा माइक चालू झाला की आवाज ये-जा करायच्या अरुंद मार्गावर जातो आणि वरच्या कंप्रतांना कात्री लागते. जुन्या टेलिफोनचंही हेच होतं. तो ३०० ते ३४०० हर्ट्झएवढाच आवाज पोचवायचा. 'स' आणि 'फ' यांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. फोनवर नाव सांगताना 'स सशाचा, फ फणसाचा' अशी बाराखडी का म्हणावी लागायची, त्याचं कारण हे.

कॉलच्या सॉफ्टवेअरचेही उपकार आहेत. लॅपटॉपच्या स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतो आणि त्याला परत ऐकू जातो. उपग्रहामार्फत दूरध्वनी सुरू झाले तेव्हा हे असह्य झालं, कारण ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला हेलपाटा घालून प्रतिध्वनी सुमारे अर्ध्या सेकंदानं परत यायचा. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले मनमोहन सोंधी तेव्हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. प्रतिध्वनीची वाट स्वतः शिकून तो वजा करत राहणाऱ्या यंत्रणेवरचा त्यांचा लेख १९६७ चा. आपण आज इअरफोनशिवाय कॉल करू शकतो ते त्याच कल्पनेच्या वंशजांमुळे.

गोंगाट गाळणारी चाळणी मात्र कधी कधी भलतंच गाळते. अखंड, एकसुरी चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं ती धरून चालते. २०२० च्या टाळेबंदीत गाण्याच्या ऑनलाइन शिकवण्या सुरू झाल्या तेव्हा या चाळणीनं तानपुऱ्यालाच पंखा ठरवलं! गुरुजी तानपुरा छेडताहेत आणि शिष्याला ऐकू येतेय शांतता. मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, हे अनेकांना तेव्हा शोधून काढावं लागलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही माइकनं सुटत नाही: विलंब. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या गेल्या, तेव्हा एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्यानं सुरू करेपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जात असल्याचं दिसलं. पुण्याहून कॅलिफोर्नियापर्यंत प्रकाशतंतूतून अगदी नाकासमोर गेलं तरी त्याच्या एक तृतीयांश वेळ केवळ प्रवासात जातो. प्रक्रिया आणि वळसे वेगळेच. म्हणून "नाही नाही, तुम्ही बोला" हा खेळ होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ओळीत सव्वा सेकंदाच्या आसपास विलंब घातल्यावर लोकांनी दोष ओळीला न देता समोरच्या माणसाला दिला: याचं लक्ष नाही. सॅन होजेतल्या मुलाशी बोलताना हे आठवावं.

आता चेहऱ्याचं थोडक्यात. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी; नाहीतर कॅमेरा उजेडाशी जुळवून घेतो आणि तुमची सावली होते. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर दिवा बदलू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. कॅमेऱ्याची मांडणी मात्र कधी कधी अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर असते. सेटिंगमध्ये ५० करा, पट्टे जातात. नजरेचं म्हणाल तर कॅमेऱ्याकडे टक लावून बसायची गरज नाही. स्टॅनफर्डच्या मिल्टन चेन यांनी २००२ मध्ये दाखवलं की नजर पाच अंशांपर्यंत खाली असली तरी समोरच्याला ती आपल्याचकडे आहे असं वाटतं. लॅपटॉप हातभर अंतरावर असेल तर पाच अंश म्हणजे सुमारे तीन बोटं. समोरच्याची चौकट कॅमेऱ्याखाली तीन बोटांत आणून ठेवली की झालं.

तुमचा कॉल उद्या असेल तर आज त्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे बारीकशी शेपटी ऐकू आली तर कपाटातली गोधडी काढा. पंखा खुशाल चालू ठेवा. फक्त त्याचा झोत माइकवर येऊ देऊ नका.