पाऊण तासाचा मुक्काम

इंग्लिश खाडीचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले ते मुख्यतः जलतरणपटूंमुळे. डोव्हरनजीकच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरून फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापर्यंत पोहत जाणाऱ्या धाडसी स्त्रीपुरुषांच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत, आणि त्या वार्तांनी या जलप्रदेशाची जी प्रतिमा आपल्या मनावर ठसवली आहे ती थंडगार, निर्जन आणि अथांग सागराची आहे. प्रत्यक्षात ज्या ठिकाणी ही खाडी सर्वांत चिंचोळी होते, त्या डोव्हरच्या सामुद्रधुनीची रुंदी अवघी ३३ किलोमीटर असून जगातील अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांत तिची गणना होते. उत्तर समुद्रातील बंदरांकडे निघालेली आणि तेथून अटलांटिककडे वळलेली चारशेहून अधिक व्यापारी जहाजे प्रतिदिनी तिच्यातून ये-जा करतात. या रहदारीला आडवे छेदीत, डोव्हर आणि कॅले या दोन बंदरांच्या दरम्यान, मोटारी वाहून नेणाऱ्या ज्या फेरीबोटी अहोरात्र धावत असतात, त्यांच्या श्रमाची हकीकत जाणून घेण्याजोगी आहे.

फेरीबोट म्हटल्यावर लहानशा तारूची कल्पना मनात येते, ती येथे दूर सारावी लागते. फिनलंडमधील राउमा येथे बांधलेली आणि २०११ साली या मार्गावर रुजू झालेली ‘स्पिरिट ऑफ ब्रिटन’ ही बोट २१३ मीटर लांब असून दोन हजार उतारू, सुमारे १८० मालमोटारी आणि त्यांखेरीज दोनशेच्या आसपास लहान मोटारी ती एका खेपेस पैलतीरी नेऊ शकते. खेप दीड तासाची. उतारूच्या दृष्टीने प्रवास म्हणजे हा दीड तास. मागे पडत जाणारे डोव्हरचे पांढरे खडूचे कडे, वरच्या मजल्यावरील उपाहारगृह, आणि थोड्याच वेळात समोर येणारा फ्रान्सचा सपाट किनारा. खलाशाला विचारले तर मात्र तो सांगेल की बोटीचे खरे काम धक्क्यावर चालते. पाऊण तासात, फार तर तासाभरात, शेकडो वाहने उतरवायची, तितकीच पुन्हा चढवायची आणि ठरल्या वेळी दोर सोडायचे, या एकाच गरजेने या जहाजाचा आकार, त्याची अंतर्रचना आणि त्यावरील माणसांची दिनचर्या ठरवून टाकली आहे.

धक्क्यावरील हे काम पाहण्यासारखे असते. डोव्हरला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळ्यांत सुमारे सहा मीटरांचे अंतर पडते. म्हणून किनारा आणि जहाज यांना जोडणारा पूल एका टोकाशी बिजागरीवर बसवलेला असतो आणि पाण्याबरोबर त्याचे दुसरे टोक वरखाली केले जाते. बोटीचे दार उघडताच वाहने रांगेरांगेने बाहेर पडतात, आणि शेवटची मालमोटार पुलावर पोहोचते न पोहोचते तोच नव्या रांगा आत शिरू लागतात. चाळीस टनांची मालमोटार कोठे उभी करायची आणि हलकी मोटारगाडी कोणत्या मजल्यावर पाठवायची, याचा निर्णय भार सांभाळणारा अधिकारी करतो. एका बाजूस भार अधिक झाल्यास तळाशी असलेल्या टाक्यांतील पाणी पंपाने दुसऱ्या बाजूस ढकलून जहाज समतोल ठेवले जाते. दोन वाहनांमधील वीतभर जागेतून वाट काढीत, इंजिनांच्या धुरात आणि गोंगाटात खलाशी हातवाऱ्यांनी चालकांना मार्ग दाखवतात, आणि वारा वाढण्याची चिन्हे असतील तर मालमोटारींना साखळदंडांनी जहाजाच्या जमिनीशी जखडून टाकतात. मग दारे बंद होतात, उतारूंना वरच्या मजल्यांवर पाठवले जाते, आणि प्रवास संपेपर्यंत त्या वाहनशाळेत उतरण्याची त्यांना मुभा नसते.

सरहद्दीचे सोपस्कारही या घाईला अनुकूल करून घेतले आहेत. २००३ साली ल तुके येथे झालेल्या तहान्वये फ्रेंच अधिकारी डोव्हरच्या बंदरात आणि ब्रिटिश अधिकारी कॅलेच्या बंदरात पारपत्रे तपासतात. पैलतीरी उतरल्यावर थांबावे लागू नये, यासाठी एका राष्ट्राने दुसऱ्याच्या भूमीवर आपले दफ्तर थाटावे, ही व्यवस्था मला विलक्षण वाटते.

समुद्रात शिरल्यावर कप्तानापुढे निराळेच काम उभे राहते. सामुद्रधुनीतील जहाजांसाठी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन पृथक् मार्ग १९६७ साली आखले गेले आणि दहा वर्षांनी ते सर्वांवर बंधनकारक झाले. आडव्या जाणाऱ्या जहाजाने हे मार्ग शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अजस्र तेलवाहू जहाजांच्या मधून वाट काढणारा हा कप्तान तेच काम एका दिवसात अनेकदा करतो. धुके असो की मध्यरात्र असो, सरावाने अवधान शिथिल होऊ न देणे हीच त्याची खरी कसोटी.

या वाहतुकीचा उगम एका चिडलेल्या मोटारप्रेमी गृहस्थाच्या साहसात आहे. रेल्वेच्या जहाजांतून मोटार नेण्याचे दर अवाच्या सवा वाटल्याने कॅप्टन स्टुअर्ट टाउनसेंड याने १९२८ साली ‘आर्टिफिसर’ नावाचे कोळसावाहू जहाज भाड्याने घेऊन डोव्हर-कॅले मार्गावर स्वतःची वाहतूक सुरू केली. त्या काळी मोटारी यारीने उचलून जहाजावर ठेवीत, आणि आगीच्या भयाने टाकीतले पेट्रोल आधी काढून टाकावे लागे. चाकांवर चालत जहाजात शिरण्याची सोय डोव्हरला १९५३ साली पूर्वेकडील गोदीत झाली. पुढे १९६५ साली टाउनसेंडच्याच कंपनीने पुढे आणि मागे अशी दोन्ही टोकांना दारे असलेली बोट आणली, त्यामुळे मोटारीला जहाजात वळण्याचे अथवा मागे सरकण्याचे कारण उरले नाही.

परंतु या सोयीच्या पोटात एक धोका होता. सामान्य जहाजाचा अंतर्भाग आडव्या भिंतींनी विभागलेला असतो. वाहने सरळ आत-बाहेर जावीत म्हणून फेरीबोटीचा वाहनमजला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा ठेवावा लागतो. परातीत पाणी घेऊन चालताना ते एका कडेस धावले म्हणजे परात जशी हातातून कलंडते, तशीच स्थिती या सलग मजल्यावर पाणी शिरल्यास अवाढव्य जहाजाची होते. ६ मार्च १९८७ रोजी संध्याकाळी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून डोव्हरकडे निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही टाउनसेंडच्याच कंपनीची बोट पुढचे दार उघडे असताना समुद्रात शिरली, आणि बंदराचा बाहेरचा बांध ओलांडल्यानंतर काही मिनिटांतच आडवी झाली. १९३ माणसे मृत्युमुखी पडली.

दार बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी थकून आपल्या खोलीत झोपी गेला होता, एवढेच पुष्कळांच्या स्मरणात राहिले. त्या माणसावर सारा दोष लादणे मला अन्यायाचे वाटते, आणि न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीनेही तसे केले नाही. दाराची खातरजमा ज्या अधिकाऱ्याने करायची, त्याच अधिकाऱ्याने त्याच वेळी वर सुकाणूकक्षात हजर राहावे, असा कंपनीचा दंडक होता. वेळेआधी निघण्यासाठी वरून दबाव होता. आणि दार उघडे की मिटलेले हे कळवणारा दिवा कप्तानासमोर बसवावा, ही काही कप्तानांनी पूर्वी केलेली मागणी व्यवस्थापनाने उडवून लावली होती. चौकशीने कंपनीच्या वरपासून खालपर्यंतच्या सर्व थरांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. त्या दुर्घटनेनंतर असे दिवे आणि कॅमेरे या बोटींवर सक्तीचे झाले. पाऊण तासाच्या मुक्कामातून मिनिटे वाचवण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र दिव्यांनी सुटणारा नव्हता.

टाउनसेंडची ती कंपनी त्याच वर्षी ‘पी अँड ओ’ या जहाज कंपनीच्या छत्राखाली आली होती. हे नाव आपल्या किनाऱ्याला जुने आहे. रत्नागिरीच्या बाजूची कितीतरी मुसलमान कुटुंबे या कंपनीच्या आगबोटींवर खलाशी पुरवीत, आणि त्यांच्या भोजनगृहांत गोमंतकीय माणसे इमानेइतबारे चाकरी करीत. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांचे वेतन पुष्कळच कमी असे. १७ मार्च २०२२ रोजी याच नावाच्या फेरी कंपनीने सुमारे आठशे खलाशांना पूर्वसूचना न देता, आधीच चित्रमुद्रित केलेला संदेश पडद्यावर दाखवून, कामावरून दूर केले. कामगार संघटनांशी विचारविनिमय करण्याचे कायदेशीर बंधन आपण मोडले, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखाने पार्लमेंटच्या समितीपुढे दिली आणि नव्या खलाशांना ताशी सरासरी साडेपाच पौंड मिळतील असेही सांगितले. ब्रिटनच्या भूमीवरील किमान वेतन तेव्हा ८ पौंड ९१ पेन्स होते. कंत्राटावर घेतलेल्या या नव्या माणसांत भारतीय खलाशीही होते. हिंदी खलाशाचे श्रम स्वस्त म्हणूनच त्याला बोलावले जावे, ही जुनी रीत एकविसाव्या शतकात त्या मार्गावर पुन्हा दिसावी, याचे मला मनःपूर्वक दुःख होते.

याच कंपनीने २०२३ साली चीनमधील ग्वांगजौ येथे बांधलेली नवी बोट या मार्गावर आणली. तिच्या दोन्ही टोकांना सुकाणूकक्ष असल्यामुळे बंदरात तोंड फिरवण्याची तिला गरज नाही, आणि प्रत्येक खेपेत आणखी काही मिनिटे वाचतात. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने, वर्षातून किमान १२० वेळा ब्रिटिश बंदरात येणाऱ्या जहाजांवरील खलाशांना, ते ब्रिटिश हद्दीत असतानाच्या कामापुरते, तेथील किमान वेतनाच्या तोडीचे वेतन मिळाले पाहिजे, असा कायदा केला. सलग किती दिवस राबवायचे हा प्रश्न त्या कायद्यात आला नाही. फ्रान्सने त्याच वर्षीच्या आपल्या कायद्यात तो घेतला: खाडीपार जाणाऱ्या फेरीबोटीवर खलाशी जितके दिवस काम करील, तितकेच दिवस त्याला किनाऱ्यावर विश्रांती मिळाली पाहिजे.