दहावी नापास म्हणजे डोकं नापास नव्हे! पाबळची 'करत शिका' पद्धत नेमकी काय?

दहावीला पोरगं नापास झालं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही." पण तेच पोरगं विहिरीवरची बंद पडलेली मोटर खोलून चालू करतं. मग डोकं कुठं कमी पडलं?

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला हा शास्त्रज्ञ हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून दुष्काळी गावात आला. शाळा सुटलेल्या पोरांनाही त्यांनी दार उघडं ठेवलं.

पद्धत साधी आहे. आधी हाताने काम, मग त्यामागचं गणित-विज्ञान. उदाहरणच घ्या. शेडचा पाया आखताना कोपरा काटकोनात हवा. दोरीने ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण धरला की कोपरा बरोबर बसतो. पायथागोरस फळ्यावर कळला नसेल, तो इथं कळतो. पत्रा, लोखंड, मजुरीचा हिशोब मांडला की टक्केवारीही येते.

अभ्यासक्रमात वर्कशॉप, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असे विभाग आहेत. एकात मागं पडलेला दुसऱ्यात पुढं जातो, त्यामुळं कुणी कायमचा 'ढ' राहत नाही.

कलबाग २००३ मध्ये गेले, काम सुरूच आहे. पालकांनो, निकालाच्या दिवशी पोराला बोल लावण्याआधी एवढंच विचारा, "तुला हाताने काय काय येतं?"